मदत हवी आहे: पेरोनीसाठी (लिंगात गाठ होऊन बाक येण्याचा आजार) ट्रॅक्शन (लिंग हळूहळू ताणून धरणारं उपकरण) कोणी वापरलंय का?

मंडळी, विषय अवघड आहे, पण विचारतोच. वय ५४, मधुमेह. लिंगाच्या वरच्या बाजूला हरभऱ्याएवढी कडक गाठ, ताठरता आली की साधारण ४० अंशांचा बाक. युरॉलॉजिस्ट म्हणाले, दुखणं थांबलंय, बाक स्थिरावलाय; ऑपरेशनआधी ट्रॅक्शन करून बघा. जुन्या धाटणीची उपकरणं रोज ३ ते ८ तास लावावी लागतात, रिस्टोरेक्स नावाच्या नव्या उपकरणाला अर्ध्या तासाच्या एक-दोन खेपा पुरतात म्हणे. दिवसभर दुकानाच्या गल्ल्यावर बसणारा माणूस मी, आठ तास कुठून आणू? ३-४ महिने नेमाने लावून कोणाचा बाक खरंच उतरला का? बधिरपणा आला की लगेच काढायचं, एवढं कळलंय. पण मधुमेहात पट्ट्याखाली कातडी सोलवटते का? (तेल-मालिशवाल्यांनी कृपया थांबावं.)