मदत हवी आहे: एकाच ब्रँडचं शोरूम घ्यावं का टीमच्या जर्स्या छापाव्यात?

दुकानदार_अंबाजोगाई

नमस्कार मंडळी, स्पोर्ट्स लाईनमधलं कुणी असेल तर जरा वाचा, थोडं लांबलंय.

अंबाजोगाईत आमचं स्पोर्ट्सचं दुकान आहे, वडलांच्या काळातलं, कॅरम, ट्रॉफ्या, व्हॉलीबॉलची जाळी असं सगळं. आता खरा धंदा दोनच गोष्टींवर आहे, भरतीच्या पोरांचे बूट अन् मंडळाच्या, कॉलेजच्या टीमचे ड्रेस. गिऱ्हाईक कमी झालंय असं अजिबात नाही, भरती निघाली की अकॅडमीची पोरं-पोरी घोळक्यानं येतात, अन् अविनाश साबळेनं २०२३ ला एशियन गेम्समध्ये सोनं आणल्यापासून (आपल्याच जिल्ह्यातला, आष्टीच्या मांडव्याचा) बारक्या पोरांचे बाप पण रनिंगचे बूट विचारायलेत. पण अडतंय कुठं ते सांगतो. पोरगं येतं, तीन-चार जोड काढायला लावतं, अंगठ्यानं तळ दाबून बघतं, तिथंच दोन उड्या मारतं, ८ नंबर बसतो का ९ ते पक्कं करतं अन् मग मोबाईल काढून म्हणतं, भैया ऑनलाइनला २०० कमी दाखवायलंय. आता तो रेट कधीकधी माझ्या खरेदीच्या जवळच असतो, त्यात मी काय कमी करू?

२२ सप्टेंबर २०२५ पासून २५०० पर्यंतच्या बुटाला जीएसटी ५ टक्के झाला, आधी हजाराच्या वर १८ होता, त्यानं माझ्या १२००-१८०० च्या रेंजमध्ये जरा जीव आला हे खरं. पण स्वस्ताई ऑनलाइनवाल्यालाही तेवढीच झाली ना.

अशात एका मोठ्या ब्रँडचा माणूस मागं लागलाय, नाव घेत नाही. दुकान आमच्या एकट्याच्या नावानं करा म्हणतो. बोर्ड अन् फर्निचर त्यांच्या डिझाईनचं, पैसे माझे. सीझनला कोणता माल किती घ्यायचा ते ठरवणार. दुसऱ्या कंपनीचा एक जोड पण रॅकवर दिसायला नको. बदल्यात मार्जिन पक्कं. घरातले म्हणायलेत घेऊन टाक, बोर्ड भारी दिसतो. मला मात्र भ्या वाटतंय, कारण माझं गिऱ्हाईक स्टाईलसाठी बूट घेत नाही, १६०० मीटरसाठी घेतं, पोलीस भरतीत २० मार्क आहेत त्याला, अन् एकाच कंपनीचा साचा रुंद पंजाच्या खेड्यातल्या पोराला बसंलच असं नाही.

दुसरा विचार जर्सीचा आहे. सध्या बाहेरून मागवतो, मॅच उद्यावर आली तरी पार्सल ट्रान्सपोर्टमध्येच असतं. सब्लिमेशनची (गरमीनं कापडावर रंग उतरवायची) मशीन घेऊन इथंच छापावं का? त्यात मंडळवाले म्हणतात बाहीवर तीन पट्टे मारा, इंडियाच्या टीमसारखे, आदिदासनं २०२३ पासून किट घेतल्यापासून ही लय मोठी मागणी आहे. मारले तर काय होतं?

कुणी या दोन्हीपैकी काही केलं असेल तर सांगा. उगं धीर देऊ नका, खरं सांगा.

जर्सीवाला_नांदेड

मालक, मशीन आत्ता घेऊ नका. प्रिंटर, हीट प्रेस, शिलाई, कटिंग मास्टर असं सगळं गळ्यात पडतं, अन् मास्टर गावाकडं गेला की मशीन नुसती उभी. आधी प्रिंट अन् शिलाई जॉबवर्कनं (बाहेरच्याकडून मजुरी देऊन) करून घ्या, कापड तुमचं, डिझाईन तुमचं. डिझाईनला एक चांगला पोरगा धरा, सगळा खेळ तिथंच आहे.

अन् हे पक्कं लक्षात ठेवा, सब्लिमेशन कॉटनवर होत नाही. शाईची गरमीनं वाफ होऊन पॉलिस्टरच्या धाग्यात शिरते म्हणून तर ती धुतली तरी जात नाही. कापड पांढरं नाहीतर एकदम फिकट लागतं. कबड्डीला डॉट निट (बारीक ठिपक्यांच्या विणीचं कापड) घेतलं तर ओढाताणीत टिकेल असं बघा, स्वस्तातलं पातळ घेतलं की पहिल्याच पकडीत बगलेपासून टरकतं अन् अख्ख्या गावात तुमचं नाव होतं. निम्मे पैसे आधी, नावं-नंबर लेखी व्हॉट्सॲपवर. मंडळाची उधारी म्हंजे अध्यक्ष बदलला की गेली.

तीन पट्ट्यांचं मी तरी करत नाही. दोन मारतो नाहीतर तिरपे रंग देतो.

लातूरचा_पण_पुण्यात

दादा, मी रिटेलमध्येच आहे म्हणून लिहितो. एक्सक्लुझिव्ह घेण्याआधी नाईकीचं प्रकरण बघा. २०१७ ला त्यांनी ठरवलं की थेट गिऱ्हाइकाला विकायचं, स्वतःचं ॲप, स्वतःची दुकानं, अन् पुढं बऱ्याच दुकानदारांचा माल बंदच केला. रॅक काय रिकामे राहतात का, तिथं होका अन् ऑन या दुसऱ्या बूट कंपन्या येऊन बसल्या. जून २०२४ मध्ये विक्री घटणार म्हणून सांगितलं अन् नाईकीचा शेअर एका दिवसात साधारण २० टक्के पडला, ऑक्टोबरला जुना माणूस इलियट हिल सीईओ म्हणून परत आणला, अन् आता पुन्हा दुकानदारांशी सोयरीक जुळवायलेत. म्हणजे एवढी मोठी कंपनी पण पाच-सात वर्षांत दोनदा दिशा बदलते, तुमचं फर्निचर मात्र भिंतीला ठोकलेलं राहतं.

अन् नाईकी काढणारा फिल नाईट १९६४ ला ब्लू रिबन स्पोर्ट्स नावानं जपानच्या ओनित्सुकाचे बूट विकत होता, म्हणजे आजची आसिक्स. तो पण तुमच्यासारखा दुसऱ्याच्या मालावरच होता. ओनित्सुका दुसरे डिस्ट्रिब्युटर शोधायलीय असं कळलं तेव्हा त्यानं १९७१ ला स्वतःचं नाव काढलं. तुम्ही लगेच ब्रँड काढा असं नाही म्हणत, पण जर्सीवर कॉलरच्या आत तुमच्या दुकानाचं लेबल लावायला काय हरकत आहे?

पट्ट्यांचं बोलाल तर तो आदिदासचा रजिस्टर ट्रेडमार्क आहे. अमेरिकेत थॉम ब्राऊन नावाचा फॅशनवाला चार पट्टे लावतो म्हणून त्याला पण कोर्टात ओढलं होतं, २०२३ ला न्यूयॉर्कच्या ज्युरीनं त्याच्या बाजूनं निकाल दिला ही गोष्ट वेगळी, पण वकिलाचा खर्च त्याला परवडतो.

ग्राउंडवरचा_मास्तर

मी अकॅडमी चालवतो म्हणून एकच सांगतो. माझी पोरं रोज डांबरी रस्त्यावर पळतात, ग्राउंड पावसाळ्यात तळं होतं. बूट कोणत्या कंपनीचा हे त्यांना नंतर, आधी टाच घासली का अन् अंगठ्याचं नख काळं पडलं का. तुमच्या दुकानात कुणी पाय मापून, पळायला लावून बूट दिला तर मी ५० पोरं तुमच्याकडंच पाठवीन, दोनशे जास्त पडले तरी. पण सगळ्या कंपन्यांचे ठेवा. एकट्याचं शोरूम केलं तर काहून पाठवू?

दुकानदार_अंबाजोगाई

सगळ्यांचे आभार, मास्तर तुमचं तर विशेष. पुणेवाले दादा, अजून एक विचारतो, तो माणूस सोमवारी परत येणार आहे. न खपलेल्या कट साईझचं (सेटमधले उरलेले सुटे नंबर) लिहून घ्यायला पाहिजे का?

लातूरचा_पण_पुण्यात

पाहिजे म्हणजे, आधी तेच. ६ अन् ११ नंबर पडून राहतात, ते परत घेणार का क्रेडिट नोट देणार, म्हणजे तेवढे पैसे तुमच्या खात्यात जमा धरणार. दुसरं, त्यांनीच ॲपवर सेल लावला तर तुमच्या दुकानातल्या मालाचा फरक कोण भरणार. हे दोन ॲग्रीमेंटमध्ये येत नसतील तर चहा पाजून वाटे लावा.

दुकानदार_अंबाजोगाई

ठीक आहे, दोन्ही विचारतो. नांदेडवाले, तुम्ही १५ च्या खाली सेट घेता का जॉबवर्कला? कबड्डीचे १२ च असतात बहुतेक, अन् दोन मंडळांचं डिझाईन तर आत्ताच पडून आहे माझ्याकडं.

जर्सीवाला_नांदेड

१२ चा घेतो, पण दोन सेट एकदम पाठवा म्हंजे कापड वाया जात नाही. साईझ चार्ट आधी.