खंजिरी, बेंजो अन् जागून काढलेली रात्र: तुमच्या गावची सांगा

पऱ्हाटी
काल गॅसवर पापड भाजत होते. आचेवर फिरवला, उलटा केला, आणि एकदम मामा आठवला. मामा अशीच शेकोटीवर खंजिरी फिरवायचा. दवानं कातडं ढिलं पडतं, मग ती भद्द वाजते. शेकली की टणटणीत. पापड जळला, ते सोडा.

आमचं गाव तिवसा तालुक्यात, मोझरीहून सायकलनं तासभर. गुरुकुंजातला तुकडोजी महाराजांचा पुण्यतिथी महोत्सव आटोपला की कार्तिकात आमच्याकडे सप्ताह बसायचा, आणि काल्याच्या आदल्या रात्री भजन स्पर्धा. वीस-बावीस मंडळं यायची, कोणी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, कोणी मेटॅडोरमध्ये. नियम शाळेच्या फळ्यावर खडूनं लिहिलेले: भजनं दोन, त्यातलं एक तुकडोजी महाराजांचंच, वेळ बारा मिनिटं, टोप्या सगळ्यांच्या सारख्या. बारा मिनिटं झाली की गुरुजी घंटी वाजवायचे. थांबायचं कोणीच नाही.

मामाच्या मंडळात गावचा न्हावी, कोतवाल, पोस्टमन आणि दोन सालदार. कोतवाल दिवसा पाटलासमोर मान वर करायचा नाही. रात्री दोन वाजता तोच माणूस असा वरचा सूर लावायचा की पाटील समोर सतरंजीवर मांडी घालून डोलत बसायचे.

एका वर्षी नेमकी यांचीच पाळी आली आणि लाईट गेली. माईक मेला. मंडळ थांबलं नाही. मागच्या बाया एकमेकींना चूप करत पुढे सरकल्या, पोरं आपोआप गप्प झाली. अंधारात नुसत्या दोन खंजिऱ्या, टाळ आणि कोतवालाचा आवाज. मग लाईट आली, भोंगा किंचाळला आणि सगळं बिघडलं. तिसरा नंबर. 251 रुपये आणि एक स्टीलचा गंज. मामी अजून त्यात दूध तापवते.

भजन असो, धुमालचा बँड असो, ऑर्केस्ट्रा असो. आपल्याच गावच्या वाजवणाऱ्यांची रात्र सांगा.

आलूबोंडा
पयला! जागा धरून ठेवतो. गाय दोहाची हाय, मंग लिहितो.

धानाचा बांध
आमच्या वडसा-कुरखेड्याकडे भाऊबीज झाली की मंडई, म्हणजे गावची जत्रा, आणि नाटकं सुरू. दिवसा पट, म्हणजे बैलांची शर्यत, रात्री नाटक. लोक नट बघायला जात, मी खड्ड्यात बघत बसायचो. स्टेजसमोर कमरेइतका खड्डा खणायचे आणि वाजवणारे त्यात बसायचे, मागच्यांना आड नको म्हणून. ऑर्गनवर माझे बाबा. दिवसभर धानाचे भारे वाहिलेला माणूस, रात्री दहा ते पहाटे पाच पाय हलवत भाता मारायचा. नाटक रंगात आलं की मला वरून फक्त बाबांचं मफलर बांधलेलं डोकं दिसे. त्या डोक्याच्या हालण्यावरून मी सांगायचो, आता रडायचा सीन येणार.

एकदा दुःखाच्या सीनमध्ये बाबांना डुलकी लागली. बोटं पट्टीवर तशीच, एकच सूर भोंऽऽऽ. नायिका पाच मिनिटं त्याच सुरावर रडली. लोक म्हणाले, काय संगीत दिलं गा!

2014 मध्ये पटावर बंदी आली तेव्हा वाटलं मंडईच संपली. तर नाही. बैल घरी बांधलेले आणि नाटक हाऊसफुल्ल. गुरनोलीच्या परशुराम खुणेंना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली त्या दिवशी बाबांनी आख्ख्या गल्लीत पेढे वाटले. नातं काहीच नाही. खड्ड्यातलं नातं म्हणाले.

कुहिरी
@पऱ्हाटी पापड कशाचा होता? मुगाचा असेल तर मंद आच पाहिजे.

पऱ्हाटी
ज्वारीचा. सासूबाईंनी पाठवलेला. म्हणून तर जळल्याचं दुःख.

कुहिरी
अगं बाई, बिबडा म्हण की मग! तो तळतात.

सातमजली विहीर
खंजिरीवरून: आमच्या आजोबांच्या खंजिरीला घोरपडीचं कातडं होतं. आता कायद्यानं बंद, अन् बरंच झालं. बकरीचं लावतात, नाहीतर प्लास्टिकचं. प्लास्टिकच्याले शेकाची गरज नाई, पण आवाज डब्यासारखा. आजोबाले म्हटलं नवीन घेऊ, तर म्हणे तुकडोजी महाराज 1955 साली जपानला गेले ते काय प्लास्टिक घेऊन गेले होते? याच्यावर काय बोलाव, सांगा.

निळी पाखरं
आमच्याकडे 14 एप्रिलची रात्र. दोन पार्ट्या, समोरासमोर, मुकाबला. दोन बैलबंड्या जोडून त्यावर फळ्या टाकल्या की झालं स्टेज. एक पार्टी आमच्या वस्तीची, दुसरी बाजूच्या गावची. एकानं गाण्यात प्रश्न टाकायचा, दुसऱ्यानं गाण्यातच उत्तर द्यायचं, आणि उत्तर चुकलं की पब्लिक सोडत नाही. गाणारा आमचा काका, वीटभट्टीवर कामाला. शाळा चौथीपर्यंत. पण बाबासाहेबांच्या आयुष्यातलं कोणतं साल विचारा, महाड, पुणे करार, दीक्षाभूमी, तारखेसकट गाण्यात बसवायचा. मी दहावीच्या इतिहासाला 14 ऑक्टोबर 1956 लिहिताना मनात त्याची चाल म्हणून घेतली होती.

उन्हाळा असल्यानं कातड्याची कटकट नव्हती, फक्त मच्छर. एका रात्री बंडीचा एक बैल दोर तोडून आला आणि ढोलकवाल्याच्या मागे उभा राहून डोकं हलवायला लागला. आमच्या पार्टीनं लगेच कडवं जोडलं की बैलही आमच्याच बाजूनं आहे. जिंकलो.

धानाचा बांध
@निळी पाखरं बैलाला बक्षीस दिलं का?

निळी पाखरं
कुटार दिलं. पोतंभर.

घंटीवाले गुरुजी
मी खरोखर घंटी वाजवलेला मास्तर. गाव सांगत नाही. तुम्हाला वाटतं मंडळं ऐकत नव्हती. मी दोन मिनिटं उशिराच वाजवत असे. चांगलं चालू असताना हात उठत नाही.

डवऱ्याचा फाळ
आता डीजे. संपला विषय. भिंतीवरचं घड्याळ पडते.

रातराणी
उशिरा लिहिते, पोरगी आता झोपली.

मी सून म्हणून आर्वी तालुक्यात आले तेव्हा गावात बायांचं मंडळ नव्हतं. निंदाले गेलो की तासात बसून गायचो, बस. मग शेजारच्या गावच्या बाया स्पर्धेत पहिल्या आल्या आणि आमच्या काकीला झोंबलं. तिनं कापूस वेचायच्या मजुरीतून दोन खंजिऱ्या आणल्या. शिकवायला कोणी बाप्या तयार होईना, बायांनी खंजिरी धरली की म्हणे कशी दिसते! शेवटी गावचा आंधळा भजनी बुवा तयार झाला. म्हणाला, मले तर दिसतच नाई, कशी दिसते ते तुम्ही पाहा.

पंधरा दिवसांत डाव्या हाताचा अंगठा सुजला. खंजिरी हलकी वाटते, पण बारा मिनिटं उभी धरून पाहा! भाकरी थापता येईना, तर सासू म्हणे भजन सोड. नवऱ्यानं चूपचाप चिकटपट्टी आणून दिली. (बोलला काही नाही. आजही बोलत नाही, पण ती पट्टी मी विसरले नाही.)

स्पर्धेच्या रात्री आमचा नंबर सतरावा, पहाटे सव्वातीन. सगळ्या हिरव्या लुगड्यात. पहिलं भजन बरं झालं. दुसऱ्यात माझं कडवं आलं आणि डोक्यात कोरा कागद. समोर पहिल्या रांगेत सासू. मी नुसतीच वाजवत राहिले. दोन आवर्तनं गेली. तिसऱ्याला कडव्याची पहिली ओळ समोरून आली, सासूच्याच आवाजात. तिला पाठ होतं. मी रात्री भांडी घासताना म्हणायची ना.

नंबर आला नाही. परीक्षक म्हणाले बाहेरून मदत घेतली, पाच गुण कापले.

कुहिरी
वो माय. रडवलं बाई तू.

सातमजली विहीर
तो परीक्षक कोण होता, त्याले गावात बोलवा जरा.

घंटीवाले गुरुजी
मी नव्हतो. मी फक्त घंटी.

क्लचवायर
मी बेंजो वाजवतो, धुमाल पार्टीत. लोक हसतात, पण सांगतो, टाईपरायटरसारखी बटणं दाबत तीन तास चालत्या गाडीवर उभं राहून वाजवा एकदा. आमच्या गावच्या संदलमध्ये ऐन रंगात तार तुटली. दुकान बंद, रात्रीचे अकरा. सायकलच्या ब्रेकच्या वायरचा एक पदर सोडवून लावला. आवाज थोडा रडका आला, तर लोक म्हणे हेच ठेव.

डीजेवाल्या भाऊ, आमचंही पोट गेलं त्यात. पण रात्री दहानंतर भोंगा बंदचा नियम आम्हालाही लागतो. एकदा हवालदार साहेब आले बंद करायला. जवळ येऊन कानात म्हणाले, ते एक वाजव, मग बंद कर. ते एक वीस मिनिटं चाललं.

डवऱ्याचा फाळ
हाव ना भाऊ, बेंजोले मी काई म्हणलं नाई. बेंजो पायजेच.

बाकी तुमच्याकडं तुरीवर अळी हाय का? आमच्याकडं ढगाळ होऊन रायलं चार दिवसापासून.

क्लचवायर
हाय. निंबोळी अर्क मारला. पाहू.

हंडीवाला
बहिरमच्या यात्रेत कोणतं गाणं वाजत होतं विचाराल तर आठवत नाही. मातीच्या हंडीतलं मटण आणि रोडगे आठवतात. विषयाला धरून नाही, माफी.

पऱ्हाटी
@रातराणी तुमच्या सासूबाईंना नमस्कार सांगा.

आत्ताच मामाला फोन लावला, हे सगळं वाचून दाखवलं. रातराणीच्या कडव्यापाशी काही वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, तू चुकीचं लिहिलं, आपला दुसरा नंबर होता. मागून मामी ओरडली, तिसरा! दुसऱ्याला पितळी समई होती, आपल्याला गंज. गंज घरात आहे, समई कुठी हाय दाखवा!

भांडण चालू आहे. मी फोन ठेवला.

आलूबोंडा
गाय दोहून झाली. लिहाले बसलो तं लाईट गेली, मोबाईल चार टक्के. मायी गोष्ट ऑर्केस्ट्राची हाय अन् लय मोठी हाय, त्यात स्टेजच पड