मदत हवी आहे : लॅब्रॅडॉरसाठी चांगलं ड्राय फूड कसं ओळखायचं? (कोल्हापूर)

कळंबेकरीण

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात किंवा आसपास कुत्री पाळणाऱ्यांनी आणि ज्यांना यातलं कळतं त्यांनी जरा मदत करा.

आमचा बंड्या लॅब्रॅडॉर आहे. नर, वय दोन वर्षं, नसबंदी झालेली, वजन 34 किलो. डॉक्टरांचं म्हणणं, 30 वर आणा. खाणं म्हणाल तर सकाळी ड्राय फूड, रात्री सासूबाईंच्या हातची दूध-चपाती आणि मधल्या वेळेत जो भेटेल त्याच्याकडून बिस्कीट. शी बरेचदा सैल असते, कान खाजवत असतो, पंजे चाटत बसतो.

ड्राय फूड घराजवळच्या दुकानातून सुटं आणायचो. तिथं पोतं फोडून ठेवलेलं असतं, किलोवर तोलून देतात. यावेळच्या मालाला खवट वास येत होता आणि दाणे हातात घेतले की बोटं तेलकट होत होती. दुकानदाराला विचारलं तर म्हणे, "पावसाळ्यात असंच असतंय ताई, कुत्र्याला काय कळतंय." बंड्याला कळलं. हुंगून बाजूला झाला. लॅब्रॅडॉर जेवण सोडतो म्हणजे काहीतरी बिनसलंय एवढं मलाही कळतं.

आता बंद पिशवीच घ्यायची हे ठरलंय, पण कुठली? राजारामपुरीत दुकानात गेले तर भिंतभर पिशव्या. पेडिग्री, ड्रूल्स, रॉयल कॅनिन, फार्मिना. सगळ्यांवर तुकतुकीत कुत्री आणि कुठं 'प्रीमियम', कुठं 'सुपर प्रीमियम'. शेवटी दोन पिशव्यांच्या मागचे फोटो काढून घरी आले. कंपन्यांची नावं मुद्दाम देत नाही, नाहीतर धागा भलतीकडे जाईल.

पहिली, 250 रुपये किलो. घटक या क्रमानं: मका, चिकन मील, सोयाबीन, राइस ब्रॅन, तेल, मिनरल्स. प्रोटीन 20 टक्के, फॅट 10, फायबर 5, ओलावा 12.

दुसरी, 380 रुपये किलो. ताजं चिकन, तांदूळ, मका, चिकन मील, कॉर्न ग्लुटेन, चिकन फॅट, बीट पल्प, मिनरल्स. प्रोटीन 26, फॅट 15, फायबर 4, ओलावा 10.

ताजं चिकन पहिल्या नंबरवर म्हणजे दुसरी खरंच भारी का? की नुसते पैसे जास्त? तिथला पोरगा ग्रेन-फ्री, म्हणजे धान्य नसलेलं, घ्या म्हणून मागं लागला होता, ते घ्यावं का? महिन्याला चार-साडेचार हजारांपर्यंत जाऊ शकतो, त्यापुढं नाही.

आणि दूध-चपाती बंद करायची असेल तर तसं ठणकावून लिहा. धागा सासूबाईंना वाचून दाखवणार आहे.

लक्ष्मीपुरीतला

ताई, कशाला एवढा ताप करून घेताय? चिकन सेंटरवरनं माना, पाय, कलेजी आणायची आणि भातात शिजवायची. आमचं गावठी त्यावर लै भारी राहिलंय. रविवारी मटणाची हाडं असतातच. पिशवीतलं खाणं म्हणजे पैसेवाल्यांचा नाद.

सांगलीकर पशुवैद्य

लक्ष्मीपुरीतला, घरचं शिजवून घालण्यात वाईट काही नाही. पण नुसत्या चिकन-भातात कॅल्शियम फार कमी पडतं आणि झिंक, आयोडीन, व्हिटॅमिन ई यांचाही मेळ बसत नाही. तुमचं गावठी दिवसभर बाहेर फिरून आणखी काय काय खातं ते तुम्हाला कुठं दिसतंय! हाडांबद्दल मात्र स्पष्ट सांगतो, शिजलेलं हाड नको. शिजल्यावर त्याच्या टोकदार कपच्या निघतात आणि त्या आतड्यात जाऊन रुततात. रश्शातलं हाड तर मुळीच नको. कांदा-लसणानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, आणि आपला तांबडा असो वा पांढरा, कांदा-लसणाशिवाय होत नाही.

आता कळंबेकरीण, तुमच्या पिशव्या.

घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहितात, पण ते वजन शिजवण्याआधीचं असतं. ताज्या चिकनमध्ये सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. दाणे तयार होताना ते उडून जातं आणि तीस किलो चिकनचं दहा किलोच्या आसपास उरतं. चिकन मील म्हणजे आधीच पाणी आणि चरबी काढून केलेली पूड. ते वीस किलो घातलं तर जवळजवळ तेवढंच राहतं. म्हणून 'ताजं चिकन पहिलं' या ओळीला भुलू नका आणि 'मील' शब्दाला नाक मुरडू नका. दुसऱ्या पिशवीत तांदूळ, मका आणि कॉर्न ग्लुटेन असे तीन वेगळे घटक दिसतात. त्यांची बेरीज केली तर धान्यच वरचढ ठरेल. धान्याचे तुकडे करून लिहिले की प्रत्येकाचं वजन कमी दिसतं आणि मांस आपोआप वर जातं. ही सगळ्यांची जुनी खेळी आहे.

म्हणून नावांपेक्षा आकडे बघा. पिशवीवर कार्बोहायड्रेट छापत नाहीत, ते आपण काढायचे. शंभरातून प्रोटीन, फॅट, फायबर, ओलावा आणि राख (म्हणजे खनिजं) वजा करायची. राख लिहिलेली नसेल तर 8 धरा. पहिल्या पिशवीत उरतात 45, दुसरीत 37. आता उष्मांक काढू. प्रोटीन आणि कार्बोहायड्रेटला ग्रॅममागे 3.5 आणि फॅटला 8.5 कॅलरी धरतात. शंभर ग्रॅममागे पहिलीत साधारण 312 कॅलरी होतात, दुसरीत 348.

बंड्याचं 30 किलो हे लक्ष्य धरू. विश्रांतीची गरज म्हणजे 70 गुणिले वजनाचा 0.75 वा घात. ते होतात 897. नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्याला त्याच्या 1.6 पट, म्हणजे दिवसाला 1435 कॅलरी. पहिल्या पिशवीतून 460 ग्रॅम, दुसरीतून 412 ग्रॅम. हा अंदाज आहे. प्रत्येक कुत्र्याचं थोडं इकडंतिकडं असतं, आणि बंड्याला वजन उतरवायचंय म्हणून सुरुवात याहून जरा कमीनंच करा.

प्रोटीनच्या बाबतीत दोन्ही पिशव्या पास आहेत. अमेरिकेतल्या आफ्को या संस्थेच्या निकषात प्रौढ कुत्र्याला ओलावा वगळून किमान 18 टक्के लागतं. पहिल्या पिशवीतलं 20 ओलावा वगळून 22.7 होतं. मागच्या बाजूला 'कम्प्लीट अँड बॅलन्स्ड' (सगळी पोषकं योग्य प्रमाणात) आणि कोणत्या वयासाठी हे लिहिलंय का ते मात्र बघाच. आफ्को स्वतः काही तपासून शिक्का मारत नाही, कंपनी त्या निकषांचा हवाला देते एवढंच. आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोचं आयएस 11968 हे मानक आहे, त्याचा उल्लेख असला तर चांगलं.

ग्रेन-फ्रीच्या भानगडीत पडू नका. धान्य काढलं की त्या जागी वाटाणा, मसूर, बटाटा येतो. हृदयाचा स्नायू पातळ होऊन हृदय फुगण्याच्या आजाराशी अशा खाण्याचा संबंध आहे का, याची चौकशी अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या अन्न-औषध प्रशासनानं, जुलै 2018 मध्ये जाहीर केली होती. कारण म्हणून ते सिद्ध झालेलं नाही, पण जास्त पैसे देऊन ती शंका घरी आणायचं कारणही नाही.

खाज मात्र दरवेळी खाण्यामुळं नसते. आधी पिसवा आणि गोचिडांचा बंदोबस्त करा, कानात यीस्ट (एक प्रकारची बुरशी) आहे का ते दाखवून घ्या. त्यानंतर खाण्याकडं वळा. कुत्र्यांत खाण्याची ॲलर्जी ज्या गोष्टींची जास्त आढळते त्यात गोमांस, दूध, चिकन आणि गहू येतात. यातला दूध आणि गहू हा जोड तुमच्याकडं रोज रात्री ताटात असतो.

सासूबाई, नमस्कार. दोन चपात्या म्हणजे दोनशेच्या वर कॅलरी, शिवाय दूध. प्रौढ कुत्र्यांपैकी बऱ्याच जणांना दुधातली साखर पचत नाही, सैल शीचं ते एक कारण असू शकतं. प्रेमानं द्यायचंच असेल तर काकडीचा तुकडा द्या, उकडलेला लाल भोपळा द्या. वरचं खाणं दिवसाच्या एकूण कॅलरींच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवायचं आणि तेवढे दाणे वाटीतून कमी करायचे.

कळंबेकरीण

डॉक्टर, खूप आभार. हे दुकानात कुणी सांगत नाही.

तुमच्या आकड्यांवरून हिशेब मांडला. पहिली पिशवी दिवसाला 115 रुपये, दुसरी 157. किलोचा भाव बघितला तर दुसरी निम्म्यानं महाग वाटते, रोजच्या वाटीत फरक 42 रुपयांचा. महिन्याला साडेबाराशे. दुसरी 4700 पर्यंत जाते, म्हणजे माझ्या बजेटच्या थोडी बाहेर. पण बिस्किटं आणि रात्रीचं दूध वाचलं तर बसेल असं वाटतंय. काय करू?

सासूबाईंना वाचून दाखवलं. म्हणाल्या, "आमच्या गोठ्यात तीन कुत्री दूध-भाकरीवर म्हातारी झाली." डॉक्टर, यावर काय उत्तर आहे?

सांगलीकर पशुवैद्य

ती कुत्री दिवसभर म्हशींच्या मागं रानात पळत होती आणि ती भाकरी ज्वारीची होती. बंड्या सोफ्यावर असतो.

पैशांचं म्हणाल तर दुसरी चांगली आहे, प्रोटीन जास्त असल्यानं वजन उतरताना स्नायू टिकतात. पण ओढाताण होणार असेल तर पहिली घ्या आणि मोजून घाला. पहिली पिशवी मोजून घातलेली, दुसरी अंदाजे ओतलेल्यापेक्षा कधीही बरी. स्वयंपाकघरातला वजनकाटा वापरा, वाटीचा भरवसा नाही. आणि सुट्या मालापेक्षा दोन्ही चांगल्या.

मुधोळवाला

सुट्या मालावरून लिहितो. माझ्याकडं मुधोळ जातीची जोडी आहे, गाव पंचगंगेच्या काठाला. आपल्याकडं जून ते सप्टेंबर हवा अशी असते की पापडसुद्धा डब्यात मऊ पडतो. उघड्या पोत्यातल्या दाण्यांची चरबी हवा लागून खवट होते, आणि दमट झालं की बुरशी. मक्यावरच्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होतं, ते शिजवूनही जात नाही आणि थेट यकृतावर जातं. कुत्रं खाणं सोडतं, उलट्या होतात, डोळे-हिरड्या पिवळ्या पडतात. असं काही दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका, लगेच डॉक्टर गाठा.

साठवण्याचं सांगतो. दाणे प्लॅस्टिकच्या डब्यात ओतू नका. डब्याच्या कडेला जुनी चरबी चिकटून राहते आणि नवीन माल तिच्यामुळं लवकर खराब होतो. पिशवी आहे तशीच ठेवा, आतली हवा दाबून काढा, तोंड गुंडाळून चिमटा लावा आणि अख्खी पिशवी पत्र्याच्या पिंपात ठेवा. उंदीरही लागत नाहीत. भिंतीला किंवा फरशीला टेकवून ठेवू नका, खाली फळी हवी. फोडल्यापासून महिना-दीड महिन्यात संपेल एवढीच पिशवी घ्या. स्वस्त पडतं म्हणून वीस किलोचं पोतं एकट्या कुत्र्यासाठी आणू नका, बंड्याला ते दीड महिन्यावर जाईल. घेताना तयार केल्याची तारीखही बघा. नुसती एक्स्पायरी बघितली तर दुकानात किती दिवस पडून होतं ते कळत नाही.

2019 च्या पुरात घर सोडून पाहुण्यांकडं गेलो तेव्हा कोरड्या खाण्याचं महत्त्व कळलं. चूल नाही, फ्रिज नाही, पण पिशवी खांद्यावर टाकून नेता आली. दोन्ही कुत्र्यांचं पोट बिघडलं नाही.

अवांतर: आमच्या मुधोळच्या बरगड्या दिसतात म्हणून येणारा-जाणारा "उपाशी ठेवता काय" विचारतो. ती जात तशीच असते. लॅब्रॅडॉरच्या बरगड्या दिसायला नकोत, पण हात फिरवला की बोटाला लागायला हव्यात. वरून बघितलं तर कंबर दिसायला हवी.

पिल्लूवाली

धाग्यात घुसखोरी करते, माफ करा. आमच्याकडं जर्मन शेफर्डचं तीन महिन्यांचं पिल्लू आहे. दुकानदारानं पपी फूडबरोबर कॅल्शियमचं सिरप पण दिलंय, "मोठ्या जातीला हाडं मजबूत लागतात" म्हणून. द्यायचं ना?

सांगलीकर पशुवैद्य

पपी फूड कम्प्लीट असेल तर सिरप नको. बाटली परत करा. मोठ्या जातीच्या पिल्लाला कॅल्शियम कमी पडण्याइतकंच जास्त होणंही वाईट. लहान वयात आतडं जादा कॅल्शियम अडवू शकत नाही, हाडांची वाढ वेडीवाकडी होते आणि मग सांधे भोगतात. आफ्कोच्या निकषात मोठ्या जातीच्या पिल्लांसाठी ओलावा वगळून 1.8 टक्के ही वरची मर्यादा आहे. पिशवीवर 'लार्ज ब्रीड पपी' लिहिलेलं घ्या आणि गुटगुटीत करायच्या नादी लागू नका. सावकाश वाढलेलं बरं.

लक्ष्मीपुरीतला

डॉक्टर, मटणाची हाडं बंद केली बघा. पण माना-पाय कच्चे दिले तर चालतील का?

सांगलीकर पशुवैद्य

कच्च्यात साल्मोनेला हा जिवाणू असू शकतो. कुत्र्याला एकवेळ काही होणार नाही, पण घरात लहान मूल असेल तर त्याला होऊ शकतं. बिनहाडाचं चिकन शिजवा, मीठ-मसाला नको. आणि कॅल्शियम किती घालायचं ते तुमच्या डॉक्टरांकडून कुत्र्याच्या वजनावर ठरवून घ्या.

कळंबेकरीण

दुसरी पिशवी आणली, तीन किलोचीच, आधी मानवते का बघायला. सासूबाईंशी तह झालाय, दूध-चपातीच्या जागी उकडलेला भोपळा, पण वाढणार त्याच. एक शेवटचं विचारते. आजच पूर्ण बदलू की हळूहळू?

सांगलीकर पशुवैद्य

हळूहळू. एरवी जुन्यात नवीन मिसळत आठ-दहा दिवसांत बदलतात, पाव, अर्धं, पाऊण असं. तुमच्याकडचं जुनं खवट आहे, ते मिसळू नका, टाकूनच द्या. पहिले दोन-तीन दिवस मऊ भात आणि उकडलेलं चिकन, मग त्यात नवीन दाणे वाढवत न्या. पाणी भरपूर ठेवा, दाण्यांत ओलावा जेमतेम दहा टक्के असतो. दर पंधरवड्याला वजन करा. आणि आधी कान दाखवून घ्या, खाणं बदललं म्हणून थांबू नका.

मुधोळवाला

आणि रिकाम्या पिशवीवरचा बॅच नंबर, तारीख छापलेला तुकडा कापून ठेवत जा, बिलाबरोबर. माल खराब निघाला तर कंपनी पहिल्यांदा तोच मागते.