खरीप 2025: सोयाबीन कमी करून मका वाढवावा का?

काळी_कसदार:
मराठवाड्यात यंदा बरेच जण मक्याचं बियाणं शोधतायत, आणि ते बरोबरच आहे. 2025-26 साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5328 रुपये, मक्याचा 2400. एकरी 8 क्विंटल सोयाबीनचे 42,624 होतात, 25 क्विंटल मक्याचे 60,000. त्यातही गेल्या हंगामात 4892 हमीभाव असताना बाजार समितीत सोयाबीन त्याच्या खालीच विकलं गेलं. त्यात मे 2025 अखेर कच्च्या खाद्यतेलाचं आयात शुल्क 20 वरून 10 टक्क्यांवर आलं, म्हणजे बाहेरचं तेल स्वस्त आणि सोयाबीनचा भाव आणखी दबणार. दहातले सहा एकर मक्याला द्यावेत.

शिवार_हिशेब:
25 क्विंटल धरलेत ते कोणत्या ओलाव्याला? कणसं मोडून लगेच मळणी केली तर दाण्यात 22 टक्के ओलावा सहज असतो, खरेदी केंद्राला 14 हवा. 25 क्विंटल वाळून 22.7 च भरतो. ऑक्टोबरात परतीचा पाऊस आला आणि खळं कच्चं असलं तर बुरशी धरते, मग व्यापारी म्हणेल तो भाव.
खताचंही तसंच. मक्याला हेक्टरी 120 किलो नत्र, म्हणजे एकरी 48. नुसत्या युरियातून धरलं तर 45 किलोच्या सव्वादोन पिशव्यांहून थोडं जास्त, तेही तीन हप्त्यांत. दुसऱ्या हप्त्याला युरिया मिळाला नाही की कणीस बारीक राहतं. सोयाबीन आपलं बरंचसं नत्र मुळांवरच्या गाठींतून घेतं.

काळी_कसदार:
ओलाव्याची घट मान्य. तरी 22.7 चे 54,480 होतात.

पेरा_आणि_पाऊस:
ते हमीभावाने, आणि मक्याची सरकारी खरेदी किती थोडी होते हे सगळ्यांना ठाऊक आहे. मक्यापासून इथेनॉल करणाऱ्या डिस्टिलऱ्यांच्या मागणीचा आधारही पक्का नाही: 2025 च्या सुरुवातीपासून भारतीय अन्न महामंडळाचा तांदूळ त्यांना क्विंटलला 2250 ने मिळू लागला, तेवढी मक्याची मागणी तुटते. आणि मक्याच्या इथेनॉलमधून उरणारा चोथा कोंबडी खाद्यात जाऊन सोयापेंडीचा भाव पाडतो. म्हणजे मका वाढला की सोयाबीनवाल्यालाही फटका. गेल्या वर्षीचा भाव बघून सगळेच एका पिकावर गेले की पुढच्या वर्षी तेच पडतं.

मक्याचं_रान:
मक्यावरच्या अमेरिकन लष्करी अळीचं कुणीच बोललं नाही. 2018 पासून ती आहेच, पोंग्यात, म्हणजे मधल्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत, शिरली की फवारा पोचत नाही. बीजप्रक्रिया केलेलं (कीटकनाशक चोळलेलं) बियाणं घ्या, पहिल्या महिन्यात आठवड्यातून दोनदा पोंगे बघा. प्रादुर्भाव दिसला की इमामेक्टिन बेन्झोएट 5 टक्के हे कीटकनाशक, 10 लिटर पाण्याला 4 ग्रॅम, नोझल पोंग्यावर धरून, संध्याकाळी.

शिवार_हिशेब:
दहातले तीन एकर मका, तोही निचऱ्याच्या रानात. कोवळ्या मक्यात दोन दिवस पाणी साचलं तरी तो पिवळा पडून बसतो. बाकी सोयाबीनमध्ये तूर, सोयाबीनच्या चार ओळींना तुरीच्या दोन. घरचं सोयाबीन बियाणं असेल तर ओल्या पोत्यात 100 दाणे ठेवून उगवण मोजा. 70 आले तर एकरी 30 किलो, 60 च आले तर 35. आणि 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होईपर्यंत पेरणीची तिफण काढू नका.

काळी_कसदार:
तीन नाही, चार. मक्यातही तूर टाकता येते.

मक्याचं_रान:
टाकता येते, पण मग अ‍ॅट्राझिन हे तणनाशक मारायचं नाही. तूर जळते. ते मारल्यावर मका उगवला नाही म्हणून त्याच रानात सोयाबीनची दुबार पेरणी केली तर तेही जळतं. त्या चार एकरांत खुरपणीला माणसं मिळणार असतील तरच तूर धरा.