अनुभव धागा: तान्ह्या बाळाची राखण, वॉर्डात आणि घरात

संयोजक
रुग्णालयातून नवजात बाळाची तस्करी झाली तर सर्वांत आधी त्या रुग्णालयाचा परवाना निलंबित करा, असं सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये एका खटल्यात बजावलं. त्यावर एका सदस्येने विचारलं, "परवाना जाईल तेव्हा जाईल, पण तोवर आम्ही काय करायचं?" म्हणून हा धागा. पुस्तकी सल्ला नको. तुमच्यासमोर काय घडलं, कुणाला काय सांगावं लागलं आणि ते कसं सांगितलंत, ते लिहा. रुग्णालयाचं किंवा माणसाचं नाव घेऊ नका.

सिव्हिलची सिस्टर
नोकरीतली बरीच वर्षं लेबर रूममध्ये गेली. बाळ जन्मलं की आम्ही ते आईच्या डोळ्यांसमोर धरतो आणि म्हणतो, "बघा, काय झालंय? तुमच्या तोंडाने सांगा." बायांना वाटतं सिस्टर मस्करी करतेय. पण मुलगा की मुलगी हे आईने स्वतः पाहून सांगितलं की पुढे अदलाबदलीच्या संशयाला फारशी जागा उरत नाही. मग आईच्या मनगटाला आणि बाळाच्या पायाला एकाच नंबरचा पट्टा, आणि केसपेपरवर बाळाच्या पावलाचा ठसा.

आता यातली गोम. पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतं. ते नैसर्गिकच, पण त्यामुळे पट्टा सैल होतो आणि दुपट्यात गळून पडतो. नातेवाईक तो उचलून उशीखाली सरकवतात, नाहीतर आठवण म्हणून पर्समध्ये टाकतात. तसं करू नका. सिस्टरला हाक मारा. नवा पट्टा आईसमोर, तिच्या पट्ट्याशी ताडून बांधला गेला पाहिजे.

बाळ पळवायला आलेली बाई चोरासारखी दिसत नसते. ती वॉर्डात रुळते, चहा आणून देते, "माझी वहिनी पलीकडे आहे" म्हणते. मग हळूच, "ताई, तुम्ही अंघोळ करून या, मी धरते बाळाला." किंवा अंगात पांढरा कोट आणि तोंडी "लस टोचायला साहेबांनी बोलावलंय." नाही म्हणणं जिवावर येतं, कारण सकाळीच तिने आणलेला चहा प्यालेला असतो. भीड भिकेची बहीण म्हणतात ते इथे शब्दशः खरं. ओळखपत्र मागा आणि बाळामागे घरचं माणूस पाठवा. खऱ्या सिस्टरला राग येत नाही. आला तर येऊ द्या.

जर्सी सिटीकर
इकडे बाळाच्या घोट्याला सेन्सर लावतात. वॉर्डच्या दाराजवळ नेलं तरी अलार्म वाजतो. आम्ही तिथे असताना एकदा 'कोड पिंक' पुकारलं, म्हणजे बाळ बेपत्ता! जिने, लिफ्ट, पार्किंग, सगळीकडे माणसं उभी. सराव होता हे मागाहून कळलं, पण तेवढ्या वेळात बायकोने पोरीला असं घट्ट धरलं होतं की नर्सलाही हात लावू देईना.

घरी निघताना गाडीतल्या बाळाच्या सीटवरून सांगलीहून आलेल्या आईशी वाद. "एवढासा जीव, त्याला पट्ट्यांनी जखडता? मी घेते की मांडीवर!" मी काही बोललो नाही, नर्सच बोलली. पट्टा खांद्याजवळ चिमटीत धरता आला तर तो सैल आहे, हे तिने आईलाच करून बघायला लावलं. जाड कोट काढायचा, पट्टे बांधायचे आणि पांघरूण वरून घालायचं, तेही दाखवलं. सीटचं तोंड मागच्या बाजूला. आता दर वेळी आईच पट्टा चिमटून बघते.

रंकाळ्याकाठची
आम्ही रिक्षाने आलो बाबा. सेन्सर नाही, सीट नाही. सासूबाई मात्र रिक्षावाल्याला प्रत्येक खड्ड्याला "अहो, दादा!" म्हणत होत्या. सरकारी दवाखान्यातून घरी सोडायला १०२ ची गाडी फुकट मिळते, हे शेजारणीने दुसऱ्या दिवशी सांगितलं. आधी सांगायला काय झालं होतं?

पेठेतली सूनबाई
माझी लढाई दवाखान्यातून घरी आल्यावर सुरू झाली. आजेसासूबाई नव्वदीच्या, पाच पिढ्यांची बाळं हाताखालून गेलेली. त्यांची यादी: चाटवायला मध, डोळ्यांत काजळ, डोक्याखाली मोहरीची उशी आणि बाजेखाली ओवा-शेपांची धुरी.

सगळ्यालाच नाही म्हटलं असतं तर घर पेटलं असतं. म्हणून आधी ठरवलं, जिवावरचं काय ते आधी. दारं-खिडक्या लावून कोळशाची शेगडी: साफ नाही. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला ना रंग ना वास, झोपेतच माणूस जातं. मध: वर्षाच्या आत थेंबसुद्धा नाही, त्यातल्या जिवाणूने तान्ह्या बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात. हे दोन्ही मी सांगितलं नाही, डॉक्टरांकडून आजींना फोन करवला. डॉक्टर त्यांना "आजी, तुमचा अनुभव मोठा" म्हणाले आणि काम झालं. (सुनेने म्हटलं असतं तर आगाऊपणा.) काजळ पायाच्या तळव्याला तीट म्हणून लागलं. धुरी बाल्कनीत, झबली वाळतात तिथे. डॉक्टरांना तेही पसंत नव्हतं, पण तहात काहीतरी द्यावं लागतंच. उशी मी रोज रात्री काढायचे, त्या रोज सकाळी परत ठेवायच्या. पाठीवर, उताणं, सपाट गादीवर आणि तोंडाजवळ मऊ काही नाही, हे माझं शेवटपर्यंत.

मालिशवाल्या मावशींना अंगठ्या आणि बांगड्या काढायला सांगितल्या, नाका-कानात तेल नको म्हटलं, तर त्या फणकारल्या, "अर्ध्या पेठेला मी न्हाऊ घातलंय!" पण पाणी त्या कोपराने पाहायच्या, हाताने नाही. कामाने राठ झालेल्या तळव्याला चटका लवकर कळत नाही, हे त्यांनीच सांगितलं. तेवढं मी त्यांच्याकडून घेतलं.

मेळघाटातून
मी आशा, म्हणजे गावातली आरोग्यसेविका आहे. दवाखान्यात झालेल्या बाळाकडे तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जायचं असतं. घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीही. ही पद्धत आपल्याच गडचिरोलीतून देशभर गेली. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायांना शिकवून नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी खाली आणले, ते १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं.

पिशवीत वजनाचा झोळीकाटा, थर्मामीटर, घड्याळ. पण मी आधी पाय बघते. पोट गरम आणि तळपाय गार असले की बाळ थंडीत चाललं समजा. पावसाळ्यात कुडाच्या घरात हे फार होतं. मग बाळ उघडं करून आईच्या उघड्या छातीशी, वरून लुगडं. आधी आया लाजतात. मग श्वास मोजायचा, पूर्ण एक मिनिट. बाळ झोपेत नाहीतर शांत असताना मोजायचा, रडताना मोजला तर उपयोग नाही. साठ किंवा जास्त आला तर परत मोजायचा. परत तेवढाच आला, छाती आत ओढली जात असली, दूध ओढत नसलं, तर १०८ ला फोन.

आमच्याकडे पोट फुगलं की चटके देतात. एका घरी विळा चुलीत घातलेलाच होता. म्हातारीला रागावले असते तर पुढच्या वेळी दार बंद. मी म्हटलं, "आजी, आधी मला वजन करू दे, मग तू बघ." वजन केलं, ताप पाहिला, तोवर गाडी आली. म्हातारीच बाळ घेऊन गाडीत बसली.

निवृत्त वायरमन
९ जानेवारी २०२१, भंडारा जिल्हा रुग्णालय. मध्यरात्रीनंतर नवजात कक्षात आग लागली, दहा बाळं गेली, सात वाचवली. माझ्या नातवाला काचेच्या पेटीत ठेवायची वेळ आली (ते रुग्णालय वेगळं), तेव्हा मी डॉक्टरांना आजाराबद्दल काही विचारलं नाही, ते मुलगा विचारत होता. मी बोर्ड पाहिला. एका एक्स्टेन्शनवर वॉर्मर (बाळाला ऊब देणारं यंत्र), काविळीसाठीचा फोटोथेरपीचा दिवा आणि कुणाचा तरी मोबाइल. तिथे ऑक्सिजन चालू असतो, ठिणगी पडायचा अवकाश. दुसरा दरवाजा होता, पण आतून कपाट लावलेलं. इन्चार्जना म्हटलं, रात्री आत कोण असतं? त्यांनी "काका, तुम्ही बाहेर बसा" म्हटलं. मी लेखी अर्ज दिला, पोच घेतली. कपाट दोन दिवसांत हललं. पोच घ्या, तोंडी बोलण्याला किंमत नाही.

नववा महिना
पुढच्या आठवड्यात तारीख आहे. आम्ही दोघंच, दोन्हीकडची माणसं लांब. नवऱ्याला बाळामागे पाठवलं तर माझ्याजवळ कोण?

सिव्हिलची सिस्टर
@नववा महिना, तू वॉर्डात आहेस, तुझ्याजवळ आम्ही आहोत. त्याने बाळासोबतच जायचं. सिझर झालं तर पहिले काही तास तू गुंगीत असशील, म्हणून सही करतानाच विचारून ठेव: बाळ तेव्हा कुठे असेल, कुणाच्या ताब्यात असेल. आणि त्याला सांग, मोबाइल चार्ज करून ये, चार्जर वॉर्मरच्या बोर्डला लावू नको. काका बरोबर बोलले.