'तारण' झालं, होतंय की होणार? आणि सार्वकालिक जीवन म्हणजे मोक्षच का?

सोसायटीवाला, खानापूर
आमच्या सोसायटीत दिवसभर हाच शब्द, सोनेतारण, मालतारण, तारण काय ठेवताय. परवा शेजारी घरसभा होती, म्हणजे ख्रिस्ती लोकांची घरातली प्रार्थनासभा, बोलावलं म्हणून गेलो तर पाळकसाहेबांनी चहा पिता पिता सरळ विचारलं, तुमचं तारण झालंय का? मला वाटलं कर्जाचंच विचारतायत, म्हटलं अजून कागद यायचेत :) नंतर कळलं उद्धार या अर्थानं आहे. पण तिथंच बसलेल्या एक कॅथलिक बाई म्हणाल्या, आमच्यात असं कुणी कुणाला विचारत नाही. येशू एकच, बायबल एकच, मग ही भानगड काय? आणि बायबलातलं सार्वकालिक जीवन म्हणजे मोक्षच ना?

कॅम्पातली माई
दादा, तसं बघितलं तर दोन्ही अर्थ तरून जाण्याचेच. बुडू देत नाही ते तारण, मग बुडणारा माणूस असो नाहीतर सोसायटीचे पैसे. खरी भानगड शब्दात नाही, त्याच्यापुढच्या क्रियापदात आहे. 'झालंय का' असं विचारलं म्हणजे विचारणाऱ्यानं आधीच एक बाजू घेतली. नव्या करारातली बरीच पत्रं ज्याच्या नावावर आहेत त्या पौलानं स्वतः तिन्ही काळ वापरलेत. इफिसकरांना (2:8) लिहितो तेव्हा तारण झालेलं आहे, करिंथकरांच्या पहिल्या पत्रात (1:18) तारण होत असलेले लोक, आणि रोमकरांना (5:9) तारले जाऊ. आता ज्याला जो काळ आवडला त्यानं तो धरून चर्च काढलं असं म्हटलं तर आमचे लोक चिडतील पण थोडंफार तसंच आहे.

वडगावचा अण्णा
माई, चिडत नाही पण एवढं सोपं करू नका. विश्वास ठेवला त्याच क्षणी देव माणसाला नीतिमान ठरवतो, कोर्टात निकाल लागावा तसा, आणि निकाल एकदाच लागतो, हे आम्हा प्रॉटेस्टंटांचं म्हणणं. सोळाव्या शतकात आमची वेगळी वाट सुरू करणाऱ्या ल्यूथरचा सगळा जोर त्यावर. कृत्यं नंतर येतात, झाडाला फळ येतं तशी, पण फळं लावून कुणी झाड करत नाही.

कॅम्पातली माई
ल्यूथरनं 1522 च्या जर्मन भाषांतरात रोम 3:28 मध्ये 'फक्त' हा शब्द स्वतःच्या पदरचा घातला, मूळ ग्रीकमध्ये तो नाही. अर्थ तोच निघतो असं त्याचं म्हणणं, असेलही. पण सगळ्या नव्या करारात 'केवळ विश्वासानं' हे शब्द जोडीनं एकाच ठिकाणी येतात, याकोब 2:24, आणि तिथं पुढं 'नव्हे' आहे!! त्याच्या थोडं आधी याकोब म्हणतो की विश्वास तर भुतंसुद्धा ठेवतात आणि थरथर कापतात. म्हणजे देव आहे हे मान्य करणं वेगळं आणि देवावर भार टाकणं वेगळं, मराठीत दोन्हीला विश्वासच म्हणतो म्हणून अर्धी भांडणं. आणि आम्ही कॅथलिक पुण्य साठवून स्वर्ग विकत घेतो ही समजूत पण काढून टाका हो, आमच्या चर्चच्या ट्रेंटच्या परिषदेनं 1547 मध्येच स्पष्ट म्हटलंय की सुरुवात देवाच्या कृपेनं होते, आधीच्या कुठल्याच कृत्यानं ती कमावता येत नाही. फक्त तो निकाल लागून फाईल बंद होत नाही, माणूस आतून बदलत जातो आणि पाप करून ती कृपा घालवूही शकतो, म्हणून 'माझं झालं' म्हणायला आमची जीभ रेटत नाही.

टिळकवाडी
घालवू शकतो हे प्रॉटेस्टंटांमधले मेथडिस्टही मानतात बरं का, त्यांच्या मूळ पुरुषाचं, वेस्लीचं म्हणणं तेच. उलट दुसरा प्रॉटेस्टंट सुधारक कॅल्विन, त्याच्या वळणाचे लोक 1618-19 च्या हॉलंडमधल्या डॉर्ट धर्मसभेपासून ठामपणे म्हणतात, ज्याला देवानं निवडलं तो शेवटपर्यंत टिकतोच, आणि जो गळला त्याचं मुळात झालंच नव्हतं. बेळगावात 1820 ला लंडन मिशन आलं, ते बहुतेक कॅल्विनकडं झुकणारे, आणि 1904 ला त्यांचं काम मेथडिस्टांकडं गेलं. मेथडिस्टांनी तर 2006 ला त्या करारालाही होकार दिला, 1999 ला 31 ऑक्टोबरला ऑग्सबुर्गला ल्यूथरन आणि कॅथलिकांनी सही केली तोच, की कृपेनं आणि विश्वासानं, आमच्या कुठल्याही लायकीनं नव्हे. वरच्या पातळीवर एवढं मिटलंय, घरसभेत अजून पोचायचंय.

निपाणीचा मामा
लई वाचलं पर मूळ सवाल तसाच राह्यला की वो. मोक्ष हाय का न्हाई?

टिळकवाडी
नाही मामा. मोक्ष म्हणजे जन्ममरणाचा फेरा चुकणं. ख्रिस्ती लोकांत फेराच नाही, जन्म एकदाच, आणि शेवटी माणूस विरून जात नाही, शरीरासकट परत उठतो, त्याला पुनरुत्थान म्हणतात. आणि नुसतं न मरणं पण नाही, तसं असतं तर अश्वत्थामाच भाग्यवान म्हणायचा, डोक्याला जखम आणि तेल मागत फिरणं. सार्वकालिकला ग्रीकमधला शब्द आयोनिओस, आयोन म्हणजे युग, तेव्हा येणाऱ्या युगातलं जीवन असा मूळ वास आहे. योहान 17:3 मध्ये तर येशू सरळ सांगतो, खऱ्या देवाला आणि त्यानं पाठवलेल्याला ओळखणं हेच ते जीवन. म्हणजे मेल्यावरचं नुसतं नाही, आत्ताच सुरू.

वडगावचा अण्णा
मान्य, योहान 5:24 मध्ये पण मरणातून जीवनात गेलेला आहे असंच आहे. पण शेवट विसरू नका. मत्तय 25:46 मध्ये जीवनाला जे विशेषण, आयोनिओस, तेच शिक्षेला. जुन्या काळचा चर्चचा मोठा पंडित ऑगस्टीन, त्यानं हाच मुद्दा धरला होता, एक कायमचं आणि दुसरं तात्पुरतं असं करता येत नाही.

टिळकवाडी
अॅडव्हेंटिस्ट, हा आणखी एक प्रॉटेस्टंट पंथ, म्हणतील शिक्षेचा परिणाम कायमचा, भोग नव्हे, दुष्ट शेवटी नाहीसेच होतात. आत्मा मुळातच अमर असतो हेच त्यांना मान्य नाही, अमरपणा देव देतो तेव्हाच. मला व्यक्तिशः हे जास्त पटतं, पण त्या आयोनिओसचं ओझं त्यांनाही उचलावं लागतंच.

कॅम्पातली माई
'सार्वकालिक' शब्दच मला आवडत नाही, सार्वजनिक बांधकाम खात्याची पाटी वाचल्यासारखं वाटतं. आमच्या घरात कोंकणी, तिथं सासणाचें जिवित म्हणतात, विश्वासाला भावार्थ, आणि तारणाला सालवासांव, हे पोर्तुगीजांकडून आलेलं. भावार्थ म्हटलं की भुतांचा प्रश्नच मिटतो, भुतांना कुठला भावार्थ!

भाषांतरवाला, चिक्कोडी
मी प्रार्थनासभेत कन्नड-मराठी दोन्ही करतो म्हणून लिहितो. कन्नडमध्ये तारणाला रक्षणे, विश्वासाला नंबिके, सार्वकालिक जीवनाला नित्यजीव. नित्यजीव ऐकायला गोड आहे आणि माणसं पटकन धरतात. रक्षणे मात्र मराठीत तसंच टाकलं की लोकांना पोलीस संरक्षण वाटतं, म्हणून तिथं तारणच घेतो. आणि लूक 7:50 ला गडबड होते, तिथं त्या बाईला येशू म्हणतो तुझ्या विश्वासानं तुला तारलंय, आणि मार्क 5:34 मध्ये रक्तस्राव थांबलेल्या बाईला म्हणतो बरं केलंय, ग्रीकमध्ये दोन्हीकडं अगदी तेच शब्द. मराठीत दोन वेगळी क्रियापदं आली की ऐकणाऱ्याला एक आत्म्याचं आणि एक शरीराचं असं तुटक वाटतं. सोसायटीवाले दादा, पाळकसाहेबांनी 'रक्षणे होंदिद्दीरा', म्हणजे तारण मिळालंय का, असं कन्नडमध्ये विचारलं असतं तरी त्यातही झालंयचाच सूर आहे, तेव्हा माईंचा आक्षेप तिथंही लागू. होतंय असं विचारणारा मला अजून भेटला नाही.