मदत हवी आहे : मायक्रोवेव्हमध्ये तापवायची तांदळाची शेकपिशवी कशी शिवू?

कापडचोपड :

मान आणि खांदे शेकायला तांदूळ भरलेली लांबट पिशवी शिवली. फसली. तपशील देते, म्हणजे नेमकं कुठं चुकलं ते सांगता येईल.

कापड ड्रेसचं उरलेलं, दुकानदाराच्या म्हणण्याप्रमाणे कॉटन. माप ५० × २० सेंमी, आत कप्पे नाहीत. भरला दीड किलो तांदूळ, घरातल्या वर्षाच्या साठवणीतला. दोरा नेहमीच्या रिळाचा. तांदूळ बदलता यावा म्हणून एका बाजूला चेन. २० लिटरचा मायक्रोवेव्ह, ८०० वॅट, फुल पॉवरवर सलग ४ मिनिटं.

झालं असं की खांद्यावर घेतल्यावर सगळा तांदूळ दोन टोकांना जातो आणि मानेवर नुसतं कापड राहतं. वरून कोमट लागते, पण मधोमध बोट खुपसलं तर चटका बसतो. करपका आणि शिवाय काहीतरी तेलकट वास येतो. चेनजवळ काळा डाग पडलाय. शिलाईतून पांढरी भुकटी गळते.

कापड कोणतं, तांदूळ कोणता आणि किती, कप्पे कसे पाडायचे, तापवायचं किती वेळ? मायक्रोवेव्ह नसेल तिथे काय करायचं हेही कुणी सांगितलं तर बरं.

उलटी टीप :

चेन वाचली तिथेच डागाचं कारण कळलं. ती ठिणगी होती. मायक्रोवेव्हमध्ये धातूच्या टोकांवर आणि कडांवर ठिणग्या पडतात, आणि चेन म्हणजे अशा टोकांची रांगच. प्लास्टिकच्या दातांची घेतलीत तरी पुढेमागे सरकणारा तुकडा बहुतेक वेळा धातूचाच असतो. हूक, प्रेस बटण, टिकल्या, जर, काहीच नको. जुन्या साडीचं किंवा खणाचं कापड वापरणार असाल तर जरीचा भाग कापून बाजूला काढा. नकली जरीवरही धातूचा पातळ थर असतो. आतली पिशवी कायमची शिवून बंद करायची, उघडझाप फक्त बाहेरच्या खोळीला. तांदूळ बदलायचा झाला तर एक शिवण उसवायची, पाच मिनिटांचं काम आहे.

कॉटन म्हणून मिळणाऱ्या कापडात टेरिकॉट बरंच असतं. कडेचे चार धागे काढून सांडशीत धरून पेटवा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि राख बोटांत चुरली की पीठ होते. पॉलिएस्टर आक्रसतं, वितळतं आणि टोकाला कडक मणी उरतो. दोऱ्याचीही हीच परीक्षा घ्या. नुसतं रीळ मागितलं की हल्ली पॉलिएस्टरचंच हातात पडतं, सुती रीळ ४० नंबर असं सांगून मागा. आत एखादी जागा फार तापली तर सुती कापड पिवळं पडतं, त्यावरून निदान कळतं तरी. पॉलिएस्टर तिथे वितळून अंगाला चिकटतं.

आतल्या पिशवीला मांजरपाट घ्या, अर्धा मीटर पुरे. नव्या मांजरपाटाला खळ असते आणि तो आटतो. रात्रभर भिजवून, गरम पाण्यात साबणाने धुऊन, वाळवून, इस्त्री करूनच बेता. खळ राहिली तर तीच पहिल्यांदा करपते. ब्लाउजचं अस्तर या कामाला नको, फार विरळ असतं.

शिवणकामाचं सविस्तर खाली लिहिते, आधी धान्याबद्दल कुणी बोलू द्या.

पायली :

तेलकट वास बहुधा एरंडेलाचा. साठवणीच्या तांदळाला कीड लागू नये म्हणून एरंडेल चोळलं असेल तर तो शेकपिशवीत चालत नाही. तेल तापून खवट वास येतो आणि कापडावर डाग उमटतात. बोरिक पावडर लावलेला तांदूळही नको, ती बारीक पूड शिवणीतून बाहेर येते.

याहून महत्त्वाचं : साठवणीच्या डब्यात पारद टिकड्या टाकल्या होत्या का? त्यात पारा असतो. टिकडीचा तुकडा चुकून पिशवीत गेला आणि तापला तर पाऱ्याची वाफ घरात पसरेल. शंका असेल तर तो तांदूळ वापरूच नका.

दुकानातून साधा, जुना, कोरडा तांदूळ आणा. स्वस्तातला कोलम चालतो, रेशनचा चालतो, उकडाही चालतो. आंबेमोहोर आणि इंद्रायणी नको, दर वेळी भाताचा वास सुटतो आणि शेकता शेकता भूक लागते. बारीक चाळणीने चाळून कणी आणि कोंडा काढून टाका. तुमची पांढरी भुकटी म्हणजे तोच. तांदूळ धुवायचा मात्र नाही, आत ओल राहिली तर दाणे अर्धवट शिजतात आणि मग आंबतात.

भरण्याआधी तांदूळ बंद पिशवीत घालून ४ दिवस फ्रीझरमध्ये ठेवा. दाण्याच्या आत पोरकिड्याची अंडी असतात, ती त्याने मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. पूर्ण सामान्य तापमानाला येऊ द्या, नाहीतर हवेतली वाफ थंड दाण्यांवर जमून सगळं ओलं होईल.

गहू चालतो, फक्त भाजल्याचा वास येतो. ज्वारी गोल असल्यामुळे छान घरंगळते, पिशवी अंगाला बसते. जवसाची सगळ्यात मऊ बसते हे खरं, पण त्यात साधारण ४० टक्के तेल. काही महिन्यांत खवट होतं. माझं मत विचाराल तर पहिली पिशवी तांदळाचीच करा.

उलटी टीप :

आता शिवण. ५० सेंमीची एकच पिशवी करू नका. २० लिटरच्या मायक्रोवेव्हची काचेची ताटली साधारण २५ सेंमीची असते. लांब पिशवी दुमडून ठेवावी लागते, भिंतीला घासून ताटली अडते, आणि ताटली फिरली नाही की एकाच जागी उष्णता साठते. मधला चटका त्यातूनच आला असणार. त्याऐवजी २४ × १६ सेंमीच्या दोन पिशव्या शिवा आणि दोन्ही एका लांब खोळीत घाला.

बेतताना चारी बाजूंना सव्वा सेंमी माया (शिवणीसाठी सोडलेलं जादा कापड) धरून २६.५ × १८.५ सेंमीचे चार तुकडे कापा. दोन तुकडे सुलट बाजू आत ठेवून जोडा आणि तीन बाजूंनी टीप घाला. एक लांब बाजू उघडी ठेवायची. खालचे दोन कोपरे वाटी ठेवून गोल आखून घ्या, टोकदार कोपऱ्यात दाणे अडकून कडक गाठ होते. टाका २ मिमीचा, त्याहून मोठा नको. पहिल्या टिपेच्या बाहेर, मायेतच, ३ मिमीवर दुसरी टीप घाला. गोलाईवरची माया कातरून पिशवी सुलटी करा आणि इस्त्री फिरवा.

आता मधोमध, खालच्या शिवणीपासून वर उघड्या कडेपर्यंत उभी टीप, म्हणजे १२ सेंमीचे दोन कप्पे होतात. ही टीप वरच्या कडेच्या दीड सेंमी आधी थांबवायची, नाहीतर शेवटी कड आत दुमडता येत नाही. दोन्ही टोकांना उलट टीप घालून (मशीन थोडी मागे चालवून) पक्कं करा. वजनाचा सगळा ताण तिथेच येतो आणि उसवायला सुरुवातही तिथूनच होते.

कागदाचं नरसाळं करून प्रत्येक कप्प्यात २२५ ग्रॅम तांदूळ भरा. चार कप्पे मिळून ९०० ग्रॅम. वजनकाटा नसेल तर खूण अशी : पिशवी आडवी ठेवून तळवा दाबला की तळव्याचा खळगा उमटला पाहिजे. गच्च भरली तर ती विटेसारखी होते, मानेला दोनच ठिकाणी टेकते आणि मधे हवा राहते. जवस घेतलात तर हलका असल्यामुळे तेवढ्याच जागेत १९० ग्रॅम बसतो.

तोंड बंद करताना खरी कसोटी आहे. दाणे तळाशी झटका, काठापासून ४ सेंमीवर कपड्यांचे चिमटे लावा, कड सव्वा सेंमी आत दुमडून टाचून घ्या. पिशवीचा भार मशीनच्या टेबलावर राहू द्या, लोंबू देऊ नका. सुई १६ नंबरची. काठापासून २ आणि ६ मिमीवर दोन टिपा. एक जरी दाणा सुईखाली आला तर सुई मोडतेच. भीती वाटत असेल तर ही शेवटची शिवण दुहेरी दोऱ्याने हाताने घाला, हातटिपेचा टाका बारीक हवा.

खोळ आतून ५० × १८ सेंमी ठेवा, भरलेल्या पिशव्या थोड्या आखडतात. मधे आडवी टीप घालून दोन खण करा आणि दोन्ही टोकांना उशीच्या अभ्र्याला असतो तसा ८-१० सेंमी आत वळणारा पदर ठेवा. जुनी धुतलेली सुती साडी दुहेरी करून घेतली तर उत्तम. तापवताना खोळ काढायची.

अर्धा कप :

तापवण्याबद्दल. ४ मिनिटं सलग म्हणजे शेक नाही, भट्टी झाली. धान्यात थोडी ओल असते, मायक्रोवेव्ह मुख्यतः तीच तापवतो. आधीच तापलेल्या दाण्यातली ओल उडून गेली की तो करपायला लागतो, आणि सुरुवात मधोमध होते, बाहेरून दिसत नाही.

४५० ग्रॅमची एक पिशवी ताटलीवर सपाट ठेवा, शेजारी काचेच्या भांड्यात अर्धा कप पाणी. ८०० वॅटवर ४५ सेकंद. बाहेर काढून दाणे हलवा, उलटी करा, मग १५-१५ सेकंद वाढवा. एकूण सव्वा मिनिटाच्या पुढे सहसा जावं लागत नाही. नंतर मिनिटभर तशीच राहू द्या, आतली उष्णता बाहेर यायला वेळ लागतो. मनगटाच्या आतल्या बाजूला अर्धा मिनिट धरून बघा, सुखाने धरवली तरच मानेवर घ्या. शेक २०-३० मिनिटं टिकतो.

ती कोमट असताना पुन्हा तापवायची नाही. पूर्ण गार व्हायला दीड-दोन तास द्या. तापलेली पिशवी गोधडीत गुंडाळून ठेवू नका, उष्णता कोंडून धान्य आतल्या आत धुमसू शकतं. मायक्रोवेव्हमधून धूर दिसला तर दार न उघडता भिंतीवरचं बटण बंद करा.

कढई-झारा :

मायक्रोवेव्ह नसेल तर शिवून बंद केलेली पिशवी तव्यावर टाकू नका, कापड आधी जळतं. नाडीची जाड दुपदरी सुती पिशवी करा. जाडं मीठ किंवा धुऊन वाळवलेली वाळू लोखंडी कढईत मंद आचेवर हलवत तापवायची, गॅस बंद करून दोन मिनिटं थांबायचं, मग पळीने पिशवीत भरायची. अर्धा किलो पुरतं. बारीक मीठ विणीतून गळतं, खडेमीठच घ्या. ही आपली जुनी पुरचुंडीच, फक्त मोठी.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. मीठ तांदळापेक्षा खूप जास्त तापू शकतं, त्यामुळे दोन पदरांवर आणखी एक पंचा गुंडाळा. आणि मिठाची पिशवी पावसाळ्यात, विशेषतः कोकणपट्टीत, पाणी ओढून ओली होते. काम झालं की मीठ काढून बरणीत बंद करा. उलट मीठ-वाळू मायक्रोवेव्हमध्ये घालून उपयोग नाही, कोरडं असेल तर नीट तापत नाही.

कापडचोपड :

सगळ्यांना धन्यवाद. धागा पेटवून पाहिला, मणी उरला! चार शंका राहिल्या. पिशवी धुवायची कशी? पावसाळ्यात तापवल्यावर ओलसर लागते, ते ठीक आहे का? वासासाठी सुगंधी तेलाचे थेंब टाकले तर? आणि घरातल्या मधुमेही ज्येष्ठांना दिली तर चालेल?

पायली :

आतली पिशवी धुवायची नाही, फक्त खोळ. ओलसर लागणं म्हणजे धान्याने हवेतली ओल घेतली आहे, त्यात बिघाड नाही. मात्र वापर झाल्यावर पंख्याखाली पूर्ण गार आणि कोरडी होऊ द्या, मगच घट्ट झाकणाच्या डब्यात. गरम असताना डब्यात घातली तर बुरशी धरते. करपका किंवा कुबट वास आला, दाणे तांबूस झाले की धान्य बदला.

सुगंधी तेल नको, ते पेट घेतं. प्रत्येक कप्प्यात अर्धा चमचा ओवा घाला. लवंगा टोचतात.

अर्धा कप :

मधुमेहात पायाची संवेदना कमी झालेली असेल तर चटका बसलेला कळतच नाही, फोड आल्यावर कळतं. पायांना तर देऊच नका, इतरत्र द्यायची तर डॉक्टरांना विचारून, आणि तापमान दुसऱ्याने तपासून. तान्ह्या बाळालाही नको. पिशवी अंगावर ठेवून कुणीच झोपू नये. ताज्या मुरगळीवर, सूज असताना पहिले दोन दिवस गरम शेक देत नाहीत. तेव्हा हीच पिशवी प्लास्टिकच्या बंद पिशवीत घालून दोन तास फ्रीझरमध्ये ठेवा आणि खोळीसकट वापरा.

कापडचोपड :

साठवणीत टिकड्या नव्हत्या, एरंडेलच होतं. मग आधीचा दीड किलो तांदूळ शिजवून खाता येईल का?

पायली :

नाही. पॉलिएस्टरच्या कापडात करपलाय, शिवाय ठिणगीही उडाली आहे. कंपोस्टमध्ये घाला, पण एकदम सगळा ओतू नका, गोळा होऊन आंबतो. चार-पाच वेळा थोडा थोडा, सुक्या पानांत मिसळून टाका.